वसतिगृहाची भाकरी आणि विद्यार्थ्यांची शेती : सातारच्या शैक्षणिक प्रयोगाकडे अन्नाच्या बाजूने पाहताना

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांची संख्या, विद्यार्थ्यांची जातवार आकडेवारी, सरकारी अनुदाने आणि संस्थानिकांच्या देणग्या यांचा तपशील आवर्जून दिला जातो. विद्यार्थी काय जेवत होता, ते धान्य कोठून येत होते आणि ते कोणी शिजविले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आठवणींच्या पुस्तकांत आणि गौरवग्रंथांत त्याची उत्तरे विखुरलेली असतात. पण तेथे ती त्यागाच्या कथा म्हणून येतात, व्यवस्थेचा भाग म्हणून येत नाहीत. मंगळसूत्र मोडल्याची कथा सर्वांना माहीत असते. ते मोडावे लागले त्या दिवशी कोठीत धान्य का नव्हते, याकडे लक्ष जात नाही.

अलीकडे हा प्रश्न एका नव्या नावाने पुढे आला आहे. १९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या केली आणि पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न सर्व काळ मिळण्याची शाश्वती हा तिचा गाभा ठरविला. अमेरिकेत ही संकल्पना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लावली जाऊ लागली. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३१ अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यांपैकी २२ अभ्यासांनी विद्यार्थ्यांमधील अन्न-असुरक्षेचे प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक असल्याचे म्हटले होते. जगातील सर्वांत संपन्न देशातील विद्यापीठांत हे घडत असल्याचे वाचून आपल्याकडे आश्चर्य व्यक्त झाले. वास्तविक आपल्या शिक्षणसंस्थांचा आरंभच या प्रश्नातून झालेला आहे. त्याला 'अन्न-असुरक्षा' असे नाव नव्हते, इतकेच.

प्रस्तुत लेखात सातारा येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी उभारलेल्या वसतिगृहांचा आणि १९४७ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयाचा विचार विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या बाजूने करावयाचा आहे. तेथे विद्यार्थ्यांनी केलेली शेती व इतर कष्टाची कामे पुढे 'श्रमप्रतिष्ठा' या एका शब्दात बसविली गेली. तो शब्द खोटा नाही. परंतु त्यामागील पहिली गरज पोटाची होती. ही गरज विस्मरणात गेल्यामुळे पुढील काळात 'कमवा व शिका' योजनेचे स्वरूप कसे बदलले, हे येथे पाहावयाचे आहे.

एक चूल

भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले, त्या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने तेथे वसतिगृहे उभी राहत होती. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे स्थापन झाली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. या वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहून परतलेल्या भाऊरावांनी शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिला आणि त्यामुळे त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांतून नमूद केलेले आहे. या प्रसंगाकडे सामान्यतः बंडखोरीचे पहिले उदाहरण म्हणून पाहिले जाते. अन्नाच्या बाजूने पाहिले तर त्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळातील वसतिगृहाचा उंबरा हा मुख्यतः पंगतीचा उंबरा होता. ज्याच्याबरोबर जेवता येत नाही त्याच्याबरोबर राहता येत नाही, आणि ज्याच्याबरोबर राहता येत नाही त्याच्याबरोबर शिकणेही अखेर अवघड होते.

जातवार वसतिगृहांमागे शाहू महाराजांचा व्यवहारी विचार होता. प्रत्येक समाजातील धनिकांना आपल्या मुलांसाठी देणगी देण्यास उद्युक्त करणे त्यामुळे सुलभ होई. भाऊरावांपुढील परिस्थिती निराळी होती. त्यांच्यापाशी संस्थानही नव्हते आणि दरबारही नव्हता. दुधगाव येथे १९१० च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम निघाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्यालय सातारा येथे हलविण्यात आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या वसतिगृहात सर्वांसाठी एकच चूल होती. एकत्र स्वयंपाक आणि एकत्र पंगत ही सामाजिक क्रांती होय, यात शंका नाही. तथापि ती काटकसरही होती, हे सांगितले जात नाही. चार जातींसाठी चार चुली मांडणे, चार स्वयंपाकी ठेवणे, पाण्याची चार ठिकाणे करणे हे निर्धन संस्थेला परवडणारे नव्हतेच. मुलांनीच स्वयंपाक करावा, पाणी भरावे, भांडी घासावीत, ही रीत तत्त्वातून आली तशीच गरजेतूनही आली. मोठ्या तत्त्वांना असा गरजेचा आधार मिळतो तेव्हा ती टिकतात, असे इतिहासात अनेकदा दिसून येते.

धान्य कोठून येई? ज्या मुलांच्या घरी देण्याजोगे काही होते ती मुले घरून धान्य आणीत. स्वतः भाऊराव गावोगाव फिरून धान्य व पैसे गोळा करीत. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने या माणसाने आधीच खेडी पायाखाली घातली होती. कोणत्या गावाला यंदा पाऊस झाला, कोणाच्या खळ्यावर रास पडली आहे, हे नांगरविक्यास ठाऊक असणे स्वाभाविक होते. पुढे मुलांच्या भाकरीसाठी तीच ओळख कामास आली असावी, असे म्हणावयास जागा आहे.

आणि तरीही कोठी रिकामी होई. भाऊराव फिरतीवर असताना धान्य संपले आणि लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले मंगळसूत्र मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी त्यांचे इतर दागिने याच कामी गेलेले होते. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. या घटनेचे भावनिक मोल कमी न करता असे म्हणावे लागेल की, सोने हा त्या वसतिगृहाचा राखीव निधी होता आणि तो एका स्त्रीच्या अंगावर होता. संस्थेच्या जमाखर्चात या रकमेसाठी कोणते खाते असू शकणार? दागिने एकदाच मोडता येतात. ते संपल्यानंतर मुलांच्या जेवणासाठी दुसरी काही शाश्वती उभी करणे भाग होते.

टस्कीगीचे रान

भाऊरावांना 'महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन' म्हणण्याचा प्रघात आहे. व्याख्यानांतून ही उपमा इतकी वापरली गेली आहे की तिच्यातील तुलना तपासून पाहण्याचे कोणी मनावर घेत नाही. ती तपासणे उपयुक्त आहे, कारण विद्यार्थ्यांनी परिसरात शेती करून संस्थेच्या जेवणाचा प्रश्न सोडविण्याचे टस्कीगी हे एक ठळक उदाहरण होय.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ४ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी शाळा सुरू केली. थोड्याच दिवसांत त्यांनी जवळच एक ओसाड पडलेला मळा पाचशे डॉलरना घेण्याचे ठरविले. तो सुमारे शंभर एकरांचा होता. निम्मी रक्कम प्रथम भरावयाची होती आणि तीही हॅम्प्टन संस्थेच्या खजिनदारांकडून उसनी घेतलेली होती. जमीन ताब्यात येताच रान तोडून पीक घेण्याचे काम निघाले. विद्यार्थ्यांना ते रुचले नाही. त्यांच्यापैकी कित्येक जण पूर्वी शिक्षकाचे काम करीत होते. शिकलेल्या माणसाने रान तोडावयाचे, हे त्यांना समजेना. तेव्हा वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन रोज दुपारी रानात जाऊ लागले आणि मग मुले त्यांच्या मागे आली. अशा रीतीने सुमारे वीस एकर जमीन लागवडीखाली आली. आत्मचरित्रात हे सांगताना त्यांनी शेती प्रथम का सुरू केली याचे कारण अगदी साधे दिले आहे : खावयास हवे होते म्हणून.

पुढे टस्कीगीला मोठमोठे देणगीदार मिळाले, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये तेथे आले, आणि शेती हा पोटाचा विषय न राहता शिक्षणक्रमाचा विषय झाला. येथेच वादाला तोंड फुटले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली वॉशिंग्टन यांच्या भूमिकेवर टीका केली. हस्तकौशल्याच्या शिक्षणावर एवढा भर दिल्याने उच्च शिक्षणाची आणि नागरी हक्कांची मागणी मागे पडते, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप हलका नाही. ज्या समाजाकडून पिढ्यान्पिढ्या सक्तीने शेतकाम करून घेतले गेले, त्याच्या मुलांना शाळेतही शेतकामच देणे याचा अर्थ काय, असा प्रश्न आपल्याकडेही उपस्थित होतो.

साताऱ्याचे वेगळेपण येथे आहे. भाऊरावांनी कष्ट हे शिक्षणाचे साधन केले. पण शिक्षणाचे शिखर उतरविले नाही. त्यांची मुले शेतात आणि बांधकामावर काम करून मॅट्रिक होत, पदवीधर होत. वसतिगृहाचे विद्यार्थी असलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. खणलेल्या मातीतून शेतमजूर घडविणे हे साताऱ्याचे उद्दिष्ट नव्हते. शेत हे ताटासाठी होते आणि वर्ग हा वर्गासाठी होता. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून टाकल्या नाहीत, हेच त्या प्रयोगाचे शहाणपण होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वर्धा आणि सेवाग्राम

शाळेतील उत्पादन कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्रातच आणखी एका ठिकाणी उपस्थित झाला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगाधारित शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांच्या उद्योगातून शिक्षणाचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा अशी त्यांची अपेक्षा होती. या स्वावलंबनाच्या मुद्द्यावर प्रा. के. टी. शहा यांनी त्याच परिषदेत आक्षेप घेतला. शाळांचा माल बाजारात आला तर कारागिरांच्या पोटावर पाय येईल, आणि उत्पन्नावर नजर ठेवली तर शिक्षण बाजूला पडेल, अशी शंका त्यामागे होती.

शंका रास्त होती. तथापि शिक्षकाच्या पगारासाठी सूत कातणे आणि स्वतःच्या जेवणासाठी भाजी लावणे या दोहोंत फरक आहे. पहिल्यात मुलाच्या श्रमाचे फळ दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्यात ते त्याच्याच ताटात येते. सेवाग्राम येथे आर्यनायकम् दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या नई तालीमच्या कामात हा दुसरा भाग पुढे वाढला. तेथे मुले आपल्यातूनच निरनिराळ्या कामांचे मंत्री निवडीत आणि जेवणाची व्यवस्था पाहणारा मंत्रीही त्यांत असे. उपलब्ध धान्य, बागेतील भाजी आणि हाती असलेले पैसे यांत सर्वांना पुरेसे व सकस जेवण कसे बसवावयाचे, हे त्याला ठरवावे लागे. मोठ्या विद्यार्थ्यांच्या उत्तर बुनियादी वर्गात तर अन्नवस्त्राबाबत स्वयंपूर्ण होण्याचेच ध्येय ठेवलेले होते. विद्यार्थ्याने नेतृत्व करणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उदाहरण आपल्या शैक्षणिक इतिहासात विरळाच. हे नेतृत्व भाषणाचे नव्हते. उद्या सकाळी काय शिजणार याची जबाबदारी अंगावर घेण्याचे होते.

रेशनच्या काळातील महाविद्यालय

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल निघाले. विद्यार्थ्याने काम करावे आणि त्या बदल्यात त्याला शिक्षण मिळावे, या तत्त्वावर ते आधारलेले होते. जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि हेच तत्त्व महाविद्यालयीन पातळीवर आले. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज या महाविद्यालयाशी कायमचे जोडले गेले आहेत.

या दोन तारखांच्या मध्ये काय घडले, याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४२ मध्ये 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली. १९४३ हे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या अखेरीस धान्यावरील नियंत्रणे सैल करण्यात आली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रणे पुन्हा लादावी लागली. शिवाजी कॉलेजचे पहिले विद्यार्थी या काळात साताऱ्यात आले. खेड्यात कुटुंबाबरोबर राहणाऱ्या मुलाचे धान्य घरच्या कणगीत असते. शिकावयास शहरात आलेला मुलगा त्या कणगीपासून तुटतो आणि विकत घेणारा होतो. टंचाईच्या काळात विकत घेणारा नेहमीच प्रथम भरडला जातो. अशा वेळी ज्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना माती खणण्याची, भाजी लावण्याची आणि सामुदायिक चूल चालविण्याची वीस वर्षांची सवय होती, ती संस्था महाविद्यालय काढण्याचे धाडस करू शकली, यात नवल नाही. 'कमवा आणि शिका' ही घोषणा केवळ आदर्शवादातून आली असे मानणे हा त्या विद्यार्थ्यांच्या हिशेबी शहाणपणावर अन्याय होईल.

येथे एक ढोबळ हिशेब मांडणे योग्य ठरेल. कष्ट करणाऱ्या तरुणास दिवसाला साधारण अर्धा किलो धान्य लागते असे धरले, तर वर्षाला सुमारे पावणेदोन क्विंटल होते. कोरडवाहू ज्वारीचे त्या काळातील उत्पन्न एकरी दोन क्विंटलांच्या आसपास धरले, तर एका विद्यार्थ्यास जवळजवळ एक एकर लागतो. शंभर विद्यार्थ्यांच्या भाकरीसाठी शंभर एकर जमीन कोणत्या महाविद्यालयापाशी असणार? म्हणजे धान्याच्या बाबतीत परिसरातील शेती कधीही पुरी पडणारी नव्हती. भाजीपाल्याचा हिशेब मात्र निराळा आहे. माणशी रोज तीनशे ग्रॅम भाजी धरली, तरी शंभर विद्यार्थ्यांना वर्षाला सुमारे अकरा टन लागते, आणि पाण्याची सोय असेल तर दोन एकरांत ती निघू शकते. भाकरी गावातून किंवा मजुरीतून आणि कोरड्यास आपल्या वाफ्यातून, अशी ही विभागणी होय. विद्यार्थ्यांच्या शेतीचे गुणगान करताना हा फरक विसरला जातो. मग कोणी तरी चार वाफे घालून भूक मिटल्याचे जाहीर करतो, आणि दुसरा कोणी ती मिटली नाही म्हणून वाफेच निरर्थक ठरवितो.

आणखी एक गोष्ट पंचांगाची. आपल्याकडे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि खरिपाची पेरणीही त्याच सुमारास होते. बाजरी काढणीस येते तो काळ दिवाळीच्या सुटीच्या आगेमागे असतो. रब्बीची ज्वारी परीक्षेच्या तोंडावर काढावी लागते, ही अडचण खरी; परंतु एप्रिल-मेमध्ये मुले घरी जातात तेव्हा रानेही मोकळीच असतात. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयाचे वर्ष आणि शेतीचे वर्ष बरेचसे जुळते. ही जुळणी नसेल तर काय होते, हे अमेरिकेतील अनुभवावरून कळते.

परदेशातील नवे वाफे

अमेरिकेत महाविद्यालयीन परिसरातील बागांची आजची लाट १९६० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांपर्यंत मागे नेता येते. १९६७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील परिसरात अ‍ॅलन चॅडविक या इंग्रज बागवानाने सुमारे चार एकरांच्या उतारावर विद्यार्थ्यांसमवेत बाग उभी केली. फावड्याने खोल खणून, रासायनिक खते न वापरता केलेली ती बाग होती. तिच्यामागे भूक नव्हती. यंत्रयुगाविषयीची अस्वस्थता होती. भुकेचा प्रश्न पुढे निराळ्या वाटेने आला. १९९३ साली मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी धान्यपेढी सुरू केली. पुढे अनेक ठिकाणी अशा पेढ्या निघाल्या आणि डबाबंद पदार्थांबरोबर ताजी भाजीही द्यावी, या विचाराने बाग आणि पेढी एकमेकींस जोडल्या गेल्या. अशा बागांत पुढाकार बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा असतो.

अशा पुढाकाराचे बळ आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी आहे. विद्यार्थी स्वतः उपाशी राहिलेला असतो किंवा शेजारच्या खोलीतील मित्राची उपासमार त्याने पाहिलेली असते, म्हणून त्याला प्रश्न कळतो. परंतु तो चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. शिवाय तेथे पिकाचा खरा हंगाम उन्हाळ्याचा, आणि उन्हाळ्यात परिसर ओस पडलेला असतो. टोमॅटो पिकतात तेव्हा ते खाणारे गावी गेलेले असतात. बाग टिकावयाची असेल तर विद्यार्थ्याच्या उत्साहामागे संस्थेची जमीन, पाणी आणि पगारी माळी उभा असावा लागतो.

टेक्सास राज्यातील डॅलस येथील पॉल क्विन कॉलेजचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. १८७२ साली कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या या महाविद्यालयाने आर्थिक ओढाताणीत २००७ मध्ये फुटबॉलचा संघ बंद केला आणि २०१० मध्ये त्या मैदानाचेच शेत केले. आसपासच्या वस्तीत ताजी भाजी मिळेल असे किराणा दुकान नव्हते. उत्पन्नाचा काही भाग शेजाऱ्यांना देण्यात येऊ लागला आणि उरलेला विकला जाऊ लागला. गिऱ्हाइकांत शहराच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचे स्टेडियमही होते. येथे निर्णय महाविद्यालयाच्या अध्यक्षांचा होता, विद्यार्थ्यांचा नव्हता, आणि तो टिकला. अमेरिकेत फुटबॉलच्या मैदानाला जे मानाचे स्थान असते ते ध्यानात घेता, नांगर नेमका कोठे घातला गेला याला महत्त्व आहे.

शेत आणि ताट यांची फारकत

भाऊरावांचे ९ मे १९५९ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या दशकांत 'कमवा व शिका' ही योजना महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत आणि बागेत विद्यार्थी रोज ठरावीक तास काम करतात आणि तासाच्या दराने मानधन घेतात. हजारो गरीब विद्यार्थ्यांना या योजनेने हात दिला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मूळ कल्पनेतील एक दुवा या प्रवासात निखळला. साताऱ्यात विद्यार्थी जे पिकवीत होता ते तो खात होता. नव्या योजनेत त्याच्या श्रमाचे रूपांतर मानधनात झाले. मानधन महिन्याच्या शेवटी येते, खाणावळीचे पैसे मात्र बहुधा आगाऊ द्यावे लागतात. मधल्या दिवसांत एक वेळ जेवणारे विद्यार्थी प्राध्यापकांना ठाऊक असतात. वर्गात ते शेवटच्या बाकावर डुलक्या घेताना दिसतात आणि त्यांच्या अभ्यासू वृत्तीविषयी शेरे मारले जातात.

बागेचे स्वरूपही बदलले. आज महाविद्यालयाच्या आवारात 'कमवा व शिका'चा विद्यार्थी पाणी घालतो ते बहुतेक ठिकाणी हिरवळीला आणि शोभेच्या झाडांना. मूल्यांकन समिती येण्याच्या आधीच्या महिन्यात हे पाणी जरा अधिकच पडते. हिरवळ असू नये असे कोणी म्हणणार नाही. पण दुष्काळी तालुक्यातून आलेला मुलगा टँकरच्या पाण्याने हिरवळ भिजवितो आणि संध्याकाळी वडापाव खाऊन झोपतो, हे दृश्य संस्थापकांच्या पुतळ्यासमोर घडत असते, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने करावयास हरकत नसावी.

रेशनच्या काळातील तो जुना पेचही मिटलेला नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क मिळाला. तो शिधापत्रिकेवर, म्हणजे कुटुंबावर आधारलेला आहे. शिधापत्रिका गावी आई-वडिलांपाशी असते आणि विद्यार्थी शहरात भाड्याच्या खोलीत. शासनाने वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी निर्वाहभत्त्याच्या योजना आणल्या. त्यांचा भर रोख रकमेवर आहे. रोख रक्कम हा उपाय कार्यक्षम मानला जातो, आणि कागदावर तो तसा आहेही. परंतु साताऱ्याच्या कोठीचा इतिहास वाचलेल्यास त्यातील उणीव चटकन ध्यानात येईल. पैसा उशिरा आला तर चूल पेटत नाही. सामुदायिक चूल मात्र उधारीवर, घरून आलेल्या धान्यावर, आवारातल्या भाजीवर आणि वेळप्रसंगी कोणाच्या दागिन्यावरही पेटती ठेवता येते. एकेकट्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यास यांपैकी काहीच शक्य नसते.

हे विद्यार्थ्यांना कळते, याचा पुरावा अलीकडचाच आहे. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाने शहरांतील आपल्या वसतिगृहांमधील जेवणाची व्यवस्था बंद करून त्याऐवजी रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. भर पावसाळ्यात मुले आणि मुली कित्येक दिवस चालत होती, आणि वाटेत पोलिसांनी त्यांना अडविले. त्यांची मुख्य मागणी रक्कम वाढवून देण्याची नव्हती. वसतिगृहातील खाणावळ पूर्ववत सुरू करावी, ही होती.